बनेश अजून शाळेतच आहे

फुरसुंगीचा बनेश फेणे अजून पुण्याच्या विद्याभवनातच शिकतो आहे. तोच चौकड्यांचा शर्ट, तीच काटकुळी अंगकाठी, तीच सायकल, आणि एखादी गोष्ट जमून आली की जिभेने काढलेला तोच ‘ट्टॉक’. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेला मराठी मुलांच्या हवाली केलं तेव्हा जी मुलं त्याच्या वयाची होती, ती आज आजी-आजोबा झाली आहेत. त्यांच्या मुलांनी त्याला गाठलं आणि मागे टाकलं. आता नातवंडंही त्याच्या पुढे निघून गेली. बनेश मात्र जिथल्या तिथे आहे.

या संग्रहातले लेख अशा मुलांकडे परत गेलेल्या मोठ्या माणसांनी लिहिले आहेत. प्रत्येकाने लहानपणी जीव लावलेली एक पुस्तकमालिका निवडली, ती पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि या खेपेला आपल्या हाती काय लागलं ते मांडलं. पुनर्वाचन हा विषय वाटतो तेवढा खासगी नाही. त्याला इतिहास आहे, त्यावर जगभर गंभीर विचार झालेला आहे आणि त्यात मतभेदही आहेत. लेखांकडे वळण्यापूर्वी नव्या वाचकाला या सगळ्याचा नकाशा हाती असावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना जरा विस्ताराने लिहितो आहे.

आधी मालिकेबद्दल. लहानपणी वाचलेलं एखादं सुटं पुस्तक आठवतं ते त्यातल्या घटनेमुळे. मालिका मात्र आपण राहून आलेल्या वाड्यासारखी लक्षात राहते. कोण कुठे बसतं, कोण कशाला चिडतं, संकट आलं की आधी कोण धावेल, हे पुढचा भाग उघडण्याआधीच ठाऊक असतं. एका गोष्टीत पात्राचं कृत्य दिसतं. दहा-वीस गोष्टींत त्याचा स्वभाव दिसतो. एखादा मुलगा एकदा धाडस करतो तेव्हा तो योगायोग असू शकतो. तो पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या माणसांसाठी तसाच वागतो, तेव्हा वाचणाऱ्या मुलाला कळतं की माणूस असाही घडू शकतो. मालिका मुलाला काही शिकवत असेल तर ते या वाटेने, उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता.

मालिकांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात, आणि पुनर्वाचनात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. पहिल्या प्रकारात नायक वाढत नाही. फास्टर फेणे असा आहे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे असा आहे, सत्यजित राय यांचा फेलूदा असा आहे. एनिड ब्लायटनने १९४२ ते १९६३ या काळात ‘फेमस फाइव्ह’ची २१ पुस्तकं लिहिली, तरी त्या मुलांच्या सुट्ट्या काही संपल्या नाहीत. दुसऱ्या प्रकारात नायक वाचकाबरोबर मोठा होतो. साने गुरुजींचा श्याम, एल. एम. माँटगोमेरीची अ‍ॅन, लॉरा इंगल्स वाइल्डरची लॉरा, आणि १९९७ ते २००७ या दहा वर्षांत सात पुस्तकांतून तरुण झालेला हॅरी पॉटर हे या बाजूचे. वाढणाऱ्या नायकाकडे परत गेलं की आपण आपला प्रवास त्याच्या प्रवासाशी ताडून पाहतो. न वाढणाऱ्याकडे परत गेलं की सगळा बदल एकट्या आपल्यात झालेला दिसतो.

मराठीत मालिकेला हे स्थान मिळायला बराच काळ लागला. आपल्याकडे मुलांसाठी छापील गोष्टी आल्या त्या शाळेच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापच्या कथा मराठीत आणल्या आणि गोष्टीच्या शेवटी तात्पर्य हवंच, ही सवय मराठी घरांत कायमची रुजली. १८७३मध्ये अमेरिकन मिशनने ‘बालबोधमेवा’ हे मासिक काढलं. १८८१मध्ये विनायक कोंडदेव ओकांनी ‘बालबोध’ सुरू केलं आणि १९१४ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. चरित्रं, निबंध, शास्त्रीय माहिती, कविता अशा मजकुराने भरलेल्या या मासिकाने पिढ्या घडवल्या. पण त्यात मुलाने शहाणं व्हावं हा आग्रह मोठा होता. १९०६मध्ये वा. गो. आपट्यांनी ‘आनंद’ मासिक सुरू केलं आणि मुलाच्या रमण्याला, हसण्याला मानाची जागा मिळू लागली. मुलांसाठी लिहिणाऱ्यांची आणि नव्या अंकाची वाट पाहणाऱ्या वाचकांची एक सलग परंपरा तिथून दिसू लागते.

वाट पाहण्याची ही सवय लागली, मग मालिकेचा नायक दूर नव्हता. ना. धों. ताम्हनकरांनी गोट्या आणि चिंगी ही मुलं घराघरांत नेली. गोट्या आईबापांविना वाढलेला. तो एका कुटुंबात येतो आणि त्याच घराचा होऊन जातो. ताम्हनकरांनी राजपुत्र आणि राक्षस बाजूला ठेवून मध्यमवर्गीय घरातली रोजची माणसं मुलांच्या पुस्तकात आणली. पुढे दूरदर्शनवर ‘गोट्या’ आला, तेव्हा पुस्तक न वाचलेल्या मुलांनाही तो आपला वाटला, कारण ते घर सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं आणि १९३५मध्ये ते प्रसिद्ध झालं. आज आपण ते एकटं पुस्तक म्हणून वाचतो. पण ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’, ‘श्यामचा जीवनविकास’ ही त्याची भावंडं आहेत आणि सगळी मिळून एका मुलाच्या घडणीची मोठी कहाणी होते. या संग्रहाच्या निमित्ताने ती सलग वाचली गेली, याचं मला विशेष समाधान आहे. आईच्या मृत्यूपाशी पुस्तक मिटणारा वाचक आणि त्या पोरक्या मुलाबरोबर पुढे चालत राहणारा वाचक यांच्या मनात दोन वेगळे श्याम असतात.

स्वातंत्र्यानंतर भागवतांनी मराठी मुलांना घराबाहेर काढलं. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या या लेखकाला साहसाचं तंत्र आतून कळलेलं होतं. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘गुलमर्गचे गूढ’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’ अशा वीस पुस्तकांतून बनेश पुण्याहून निघून थेट काश्मीरपर्यंत भटकला. चीनने १९६२ साली केलेल्या आक्रमणाची धगही या मालिकेत शिरली. त्याच भागवतांनी बिपिन बुकलवार हा पुस्तकवेडा मुलगाही निर्माण केला. धावणारा नायक आणि वाचणारा नायक एकाच लेखकाच्या घरात सुखाने नांदले, ही मराठी बालसाहित्याची मोठी श्रीमंती आहे. पुढे आकाशवाणीवरून आलेला बोक्या सातबंडे पुस्तकांत स्थिरावला आणि मुंबईच्या धबडग्यात माणुसकी कशी टिकवायची हे मुलांना हसत हसत दाखवू लागला.

याच्या जोडीला मासिकं आणि वाचनालयं होती. ‘चांदोबा’तला विक्रम राजा दर महिन्याला झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर टाकायचा आणि वेताळ दर महिन्याला त्याचं मौन मोडायचा. १९७१पासून बालभारतीचं ‘किशोर’ गावोगावच्या शाळांत पोचू लागलं. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले झुंजार आणि काळापहाड मोठ्यांच्या कपाटातून मुलांच्या दप्तरात शिरत. बंगालीतून अशोक जैन यांच्या अनुवादाने फेलूदा आला, आणि वेरूळच्या कैलास लेण्याभोवती रचलेली त्याची रहस्यकथा वाचताना मराठी मुलांनी आपल्याच लेण्यांकडे फेलूदाच्या साथीदाराच्या, तोपशेच्या नजरेने पाहिलं. या सगळ्या पुस्तकांना घरातल्या अभ्यासाच्या टेबलावर जागा नव्हती. ती गच्चीत, माळ्यावर, उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी वाचली गेली आणि म्हणूनच ती मुलांच्या स्वतःच्या मालकीची झाली.

आता पुनर्वाचनाकडे. मुलं मुळातच पुनर्वाचक असतात. रात्री तीच गोष्ट, त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी थांबून सांग, असा हट्ट धरणाऱ्या मुलाला शेवट माहीत असतो, तरीही ते ऐकत राहतं. मोठं झाल्यावर आपण हे सोडून देतो. वाचायचं इतकं राहिलं असताना वाचलेलंच पुन्हा कशाला, हा प्रश्न शहाणपणाचा वाटू लागतो. जगातल्या मोठमोठ्या वाचकांनी मात्र याच्या नेमकं उलट सांगितलं आहे. व्लादिमिर नाबोकोव्ह विद्यार्थ्यांना शिकवत की पहिल्या वाचनात ओळींमागून ओळी ओलांडण्यातच डोळ्यांची शक्ती खर्ची पडते. पुस्तक चित्रासारखं एका नजरेत येतं ते पुन्हा वाचल्यावर. इतालो काल्व्हिनोने अभिजात पुस्तकाची ओळखच पुनर्वाचनाशी जोडली. रोलाँ बार्थने इशारा दिला की जो पुन्हा वाचत नाही, त्याला सगळीकडे तीच ती गोष्ट वाचावी लागते.

या विचाराचे आज चार ठळक प्रवाह दिसतात. पहिला स्मरणरंजनाचा. जुनं पुस्तक हातात घेतलं की त्याच्याबरोबर ती दुपार, ते घर, ते माणूस परत येतं. मराठीत या विषयावर जे लिहिलं जातं त्यातलं बरंचसं याच अंगाने जातं. त्यात गोडवा आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. ज्या आजीने पुस्तक वाचून दाखवलं ती गेल्यावर त्याच पुस्तकात तिचा आवाज सापडणं ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण हा प्रवाह बहुतेकदा पुस्तकाच्या दारापाशीच थांबतो. पानं उघडून आत जात नाही.

दुसरा प्रवाह मानसशास्त्राचा. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९७६ साली परीकथांवरच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात मांडलं की मूल एखाद्या गोष्टीला चिकटतं, कारण त्याच्या मनातल्या भीतीला आणि रागाला त्या गोष्टीत वाट मिळते. त्यांच्या अनेक निष्कर्षांवर पुढे आक्षेप घेतले गेले. तरी त्यांनी उभा केलेला प्रश्न टिकून आहे : मला त्या वयात हीच मालिका का लागली? फ्रान्सिस स्पफर्ड यांनी २००२मध्ये आपल्या बालपणीच्या वाचनावर लिहिलेलं पुस्तक याच प्रश्नाचा माग काढतं. घरातल्या दुःखापासून पळण्यासाठी मूल पुस्तकात कसं शिरतं, हे त्यात फार प्रामाणिकपणे आलं आहे.

तिसरा प्रवाह वाचककेंद्री समीक्षेचा. वोल्फगांग इझर यांच्या मांडणीनुसार लेखक मजकुरात मोकळ्या जागा सोडतो आणि वाचक आपल्या अनुभवाने त्या भरतो. मग अनुभव बदलला की पुस्तकही बदललं पाहिजे. पॅट्रिशिया मायर स्पॅक्स या साहित्याच्या प्राध्यापिकेने निवृत्तीनंतर जुनी पुस्तकं पुन्हा वाचून २०११मध्ये पुनर्वाचनावरच एक पुस्तक लिहिलं. पुस्तक तेच राहतं म्हणूनच आपल्यातला बदल मोजता येतो, हे त्यात पानोपानी जाणवतं.

चौथा प्रवाह सामाजिक चिकित्सेचा आणि तो सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. ब्लायटनच्या गोष्टींतले वर्गाचे आणि वंशाचे पूर्वग्रह, मुलींना दिलेली दुय्यम कामं, यांवर अनेक वर्षं टीका होत आली. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या लेखनातलं मूळनिवासी आणि कृष्णवर्णीय लोकांचं चित्रण लक्षात घेऊन २०१८ साली अमेरिकेतल्या बालग्रंथपालांच्या संघटनेने त्यांच्या नावाचा पुरस्कार नव्या नावाने द्यायचं ठरवलं. २०२३मध्ये रोआल्ड डालच्या पुस्तकांतले शब्द बदलण्यावरून मोठा वाद झाला. ज्या पुस्तकावर आपण प्रेम केलं ते कुणाला तरी दुखावणारं होतं, हे कळल्यावर त्या प्रेमाचं काय करायचं, हा या प्रवाहाचा प्रश्न आहे. मराठी मालिकांनाही तो विचारावाच लागेल. आपले बहुतेक बालनायक पांढरपेशा घरांतले मुलगे आहेत. फुरसुंगीहून आलेला बनेश हा त्यात थोडा मोकळा वारा आहे. तरी मुली बहुधा सोबतीला असतात, आणि दलित, आदिवासी, भटक्या समाजांतलं मूल मालिकेच्या मध्यभागी क्वचितच येतं.

या चारही प्रवाहांतून पाहिल्यावर माझं जे मत बनलं ते इथे स्पष्ट सांगतो. पुनर्वाचनातून मिळणारा जीवनाचा धडा लेखकाने लिहिलेल्या तात्पर्यात नसतो. तो धडा आपण गोष्टीतल्या कुणाच्या बाजूला उभे आहोत, या बदलात असतो. लहानपणी आपण मुलाच्या शेजारी उभं राहून वाचतो. पुढे कधीतरी, आपल्याही नकळत, आपण कोपऱ्यातल्या मोठ्या माणसाच्या शेजारी जाऊन उभे राहतो. दहाव्या वर्षी अ‍ॅनच्या डोळ्यांनी जग पाहणारी मुलगी पंचेचाळिसाव्या वर्षी तेच पुस्तक उघडते आणि तिला अ‍ॅनला सांभाळणारी मरीला कळू लागते. ते मूल आपल्या घरात आल्यावर त्या कोरड्या वाटणाऱ्या बाईच्या मनात काय उलथापालथ झाली असेल, हे तिला आता कुणी सांगावं लागत नाही.

‘श्यामची आई’मधली अळणी भाजीची गोष्ट घ्या. आई भाजीत मीठ घालायला विसरली आहे. वडील जेवायला बसतात, मिठाबद्दल एक शब्दही न बोलता भाजी खातात, उलट ती चांगली झाल्याचं सांगतात. मुलंही गप्प राहतात. सगळ्यांचं झाल्यावर आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं, आणि आपण घरच्यांना अळणी भाजी वाढली याची चुटपुट तिला लागते. शाळेच्या वयात ही गोष्ट वाचताना लक्ष असतं ते वडिलांच्या संयमाकडे, कारण परीक्षेत तेच विचारतात. स्वतःचं घर चालवायला लागल्यावर वाचली तर डोळे दुसरीकडे जातात : आई सर्वांत शेवटी जेवते, तीही एकटी. मीठ नाही हे तिला सर्वांच्या शेवटी कळतं, कारण त्या घरात तिच्या जेवणाची पाळीच शेवटी येते. आणि तरी ती गोष्ट त्या दोघांच्या प्रेमाचीही आहे, कारण एकाला दुसऱ्याचं मन दुखवायचं नव्हतं आणि दुसऱ्याला आपल्यामुळे पहिल्याला अळणी खावं लागल्याचं वाईट वाटलं. पहिलं वाचन खोटं होतं असं मी म्हणणार नाही. दोन्ही वाचनं एकाच पानावर, एकमेकांना न पुसता, राहू शकतात. पुनर्वाचन करणाऱ्याला ही क्षमता हळूहळू येते.

याच पुस्तकात लाकडाची मोळी डोक्यावर घेऊ न शकणारी एक म्हातारी महार स्त्री आहे. आई श्यामला तिच्या मदतीला पाठवते आणि परत आल्यावर अंघोळ करायला सांगते. मुलाला दिसते ती दया. मोठ्या वाचकाला ती अंघोळही दिसते, आणि दिसायलाच हवी. त्या काळातल्या एका सहृदय बाईची माया कुठवर पोचली आणि कुठे अडली, हे त्या दोन वाक्यांत गुरुजींनी काहीही न झाकता नोंदवलं आहे. पुस्तक लिहिल्यावर चौदा वर्षांनी, १९४७मध्ये, याच लेखकाने पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. आईकडून जे शिकला ते घेऊन मुलगा आईच्या पुढे गेला. आवडत्या पुस्तकातली उणीव दिसली की काय करायचं, याचं याहून चांगलं उत्तर मला ठाऊक नाही. जिथे पुस्तक थांबलं तिथून पुढे चालायचं.

फास्टर फेणेच्या पुनर्वाचनात वेगळंच घडतं. लहानपणी बनेश संकटात उडी घ्यायचा तेव्हा आपण त्याच्या सायकलच्या कॅरियरवर बसलेलो असायचो. आज तोच प्रसंग वाचताना मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की याच्या घरी कुणी कळवलं का? साहसकथेला मोठी माणसं जरा दूर असावी लागतात. म्हणून शाळा, सुट्टी आणि प्रवास हे तिचे आवडते मुलूख. मुलाला त्यात मोकळीक दिसते. पालक झालेल्या वाचकाला काळजी दिसते, आणि थोडं थांबून पाहिलं तर विश्वासही दिसतो. एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात शाळकरी मुलगा एकटा कुठेही जाऊन येई, हे त्या लेखकाला आणि त्याच्या वाचकांना स्वाभाविक वाटत होतं. आज त्या वयाच्या किती मुलांना एकट्याने चौकापलीकडे जायची मुभा आहे? रस्ते बदलले हे खरंच. पण मुलांचं जग किती आखडलं आणि त्यात आपल्या भीतीचा वाटा किती, हा प्रश्न एका जुन्या साहसकथेने आपल्यापुढे ठेवावा, हा मला मोठा धडा वाटतो.

२०१७ साली आलेल्या ‘फास्टर फेणे’ चित्रपटात बनेश मोठा झाला. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण म्हणून तो पडद्यावर उतरला आणि स्वतः भागवत हेच त्यात एक पात्र झाले. ती भूमिका केली दिलीप प्रभावळकरांनी, म्हणजे बोक्याच्या जनकाने फास्टर फेणेच्या जनकाला साकारलं. अनेक वाचकांना ते आवडलं, अनेकांना बनेशचं मोठं होणं रुचलं नाही. ही नाराजी समजून घेण्यासारखी आहे. आपण सगळे वाढलो, थकलो, तडजोडी केल्या. निदान एकाने तरी तसंच राहावं, अशी ती इच्छा आहे. तो तसाच राहिला तरच त्याच्यापासून आपण किती दूर आलो ते कळतं, हेही तिच्या तळाशी आहे.

हे सगळं आत्ताच का? पहिलं कारण म्हणजे ही पुस्तकं वाचत वाढलेली पिढी आज आईवडील आणि आजीआजोबा आहे आणि त्यांच्या घरातली बरीच मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी वाचन शाळेतून आपोआप होत नसेल तर ते घरातून द्यावं लागतं, आणि घरातून देताना आपण सहजच आपल्या आवडत्या मालिकेकडे हात नेतो. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांपासून गोव्यातल्या मराठी घरांपर्यंत हाच प्रश्न विचारला जातो : मुलांना काय वाचायला देऊ? देणाऱ्याने ते पुस्तक अलीकडे स्वतः वाचलेलं नसेल तर तो मुलाच्या हातात पुस्तक देत नाही, स्वतःची आठवण देतो. मुलाला ती आठवण वाचता येत नाही. मग मूल दोन पानांनंतर पुस्तक ठेवून देतं आणि आपण त्याच्या नावाने बोटं मोडतो.

दुसरं कारण उपलब्धतेचं. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन खुले केले आहेत. जुन्या मालिकांच्या नव्या आवृत्त्या निघतात, मराठी पुस्तकं ऐकण्याची सोय झाली आहे. एके काळी वाचनालयातली एक जीर्ण प्रत मिळवण्यासाठी नंबर लावावा लागे, तिथे आज अख्खा संच घरी येतो. पुन्हा वाचण्याच्या आड आता फक्त आपला आळस आहे.

तिसरं कारण मला सगळ्यांत जवळचं वाटतं. आजचं वाचन बहुतांशी तुकड्यांचं आणि एकदाच सरकून जाणारं आहे. ज्याकडे आपण परत जात नाही त्याच्याशी आपलं नातं जुळत नाही, आणि परत जाण्याची सवय मोडली की माणसांकडे परत जाणंही अवघड होतं. जुन्या मित्राला, दुरावलेल्या भावाला, शिक्षकाला पुन्हा भेटताना आपण हेच करतो : जुनं मत हाताशी ठेवून माणूस नव्याने वाचतो. एका ओळखीच्या पुस्तकावर हा सराव करता येतो. इथे चूक झाली तर कुणी दुखावत नाही.

या संग्रहाने काय करायचं ठरवलं ते आता सांगतो. आम्ही लेखकांना तीन विनंत्या केल्या होत्या. आठवणीवरून लिहू नका, मालिका पुन्हा संपूर्ण वाचा. कथानक सांगत बसू नका, जिथे अडलात, जिथे काही खटकलं, डोळे ओलावले त्या जागेबद्दल लिहा. आणि प्रेम व चिकित्सा यांतलं एक निवडू नका, दोन्ही पानावर येऊ द्या. या विनंत्या ज्यांनी त्यांनी आपापल्या परीने पाळल्या. कुणी घरातल्या मुलाबरोबर वाचलं, कुणी आजारी आईला वाचून दाखवलं, कुणाला आपली मालिका अर्ध्यावर सोडावीशी वाटली आणि का, तेही त्यांनी लिहिलं. लेखांचा क्रम मालिकांच्या प्रकाशनकाळानुसार लावलेला नाही. वाचकाने हवं तिथून सुरुवात करावी. स्वतःच्या आवडत्या मालिकेवरच्या लेखापासून सुरुवात केली तर उत्तमच, पण तिथेच थांबू नये. जी मालिका आपण कधी वाचलीच नाही तिच्याबद्दल दुसऱ्याने लिहिलेलं वाचताना कळतं की शेजारच्या घरातलं बालपण आपल्यापेक्षा किती निराळं होतं.

हा संग्रह परिपूर्ण नाही, कारण मराठी मुलांनी काय काय वाचलं याचा पूर्ण हिशेब कुठल्याच एका पुस्तकात मावणार नाही. ज्या मुलांच्या घरी पुस्तकं नव्हती, ज्यांनी मालिका वाचल्या त्या शाळेच्या एका पेटीतून किंवा कीर्तन-भारूड-लोककथांच्या रूपाने ऐकल्या, त्यांचं पुनर्वाचन लिहिलं जायला हवं. ते काम या संग्रहानंतरचं आहे आणि ते कुणी हाती घेतलं तर आमच्या श्रमांचं सार्थक होईल.

वाचकाने आमच्या लेखकांशी सहमत व्हावं, अशी अपेक्षा नाही. अपेक्षा एवढीच की त्याने आपली मालिका शोधून काढावी आणि पहिल्या भागापासून वाचायला घ्यावी. घरात मूल असेल तर मोठ्याने वाचावी आणि मध्येच थांबून तात्पर्य सांगू नये. भाग संपला की त्या मुलाला विचारावं, तुला यातलं कोण आवडलं? ते बहुधा आपल्या आवडीचं नाव घेणार नाही. त्या वेळी वाद न घालता कारण विचारावं आणि मूल जे सांगेल ते पूर्ण ऐकून घ्यावं.